गोव्याची बाजू जगापुढे मांडणारे मुत्सद्दी : चंद्रशेखर झा

पेडणे तालुक्याच्या पूर्व भागातील इब्रामपूर हा गोव्याच्या सीमेवरील गाव आहे. गावाची हद्द संपते, तेथून महाराष्ट्राचा दोडामार्ग तालुका सुरू होतो. आज ही एका देशातील दोन राज्यांची हद्द आहे आणि ती ओलांडताना कोणाच्या मनात काही येत नाही. १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत मात्र हीच रेषा दोन देशांमधील सीमा मानली जात होती. अलीकडे पोर्तुगालचे राज्य होते, पलीकडे स्वतंत्र भारत. दोन्ही बाजूंना भाषा एक, दैवते एक, नातीगोती एक. तरी राज्यकर्ते वेगळे.

या रेषेला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणताच येत नाही, हा भारताचा दावा होता. दिल्लीत तो अनेकांनी मांडला. परंतु भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यानंतर अवघ्या काही तासांत, जगातील बलाढ्य राष्ट्रांचे प्रतिनिधी समोर बसलेले असताना तो मांडण्याची जबाबदारी एका सनदी अधिकाऱ्यावर येऊन पडली. त्यांचे नाव चंद्रशेखर झा. संयुक्त राष्ट्रसंघातील भारताचे ते त्या वेळचे कायम प्रतिनिधी. गोवा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात सत्याग्रही, सैनिक आणि राजकीय नेते यांची नावे घेतली जातात. झा यांचे नाव त्या मानाने क्वचितच कानी पडते.

सीमावर्ती महालांची पार्श्वभूमी

गोव्यावर साडेचारशे वर्षे पोर्तुगीज राजवट होती, असे सर्रास म्हटले जाते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींपुरते ते खरे आहे. आफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये तिसवाडी बेट जिंकले आणि त्याच शतकात बार्देश व सासष्टी हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे यांची कथा वेगळी आहे. हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी हळर्णचा किल्ला घेतला. पण तेव्हा पेडणे महालावर त्यांचा कायमचा अंमल बसला नाही. डिचोली १७८१ मध्ये, सत्तरी १७८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या हाती आले. नव्या काबिजादी म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश गोव्याच्या क्षेत्रफळाचा मोठा भाग व्यापतो.

याचा अर्थ असा की, पेडणे महालातील पोर्तुगीज राजवटीचे वय १९६१ मध्ये १७३ वर्षे होते. १७८८ पूर्वी इब्रामपूर आणि त्याच्या पलीकडची गावे एकाच सत्तेखाली नांदत होती. त्यांच्यामधील सीमा ही लोकांच्या वेगळेपणातून निर्माण झालेली नव्हती. ती एका तहातून आलेली होती. पुढे सुरक्षा परिषदेत जो युक्तिवाद झाला, त्याचे खरे स्वरूप समजून घेण्यासाठी ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भारत स्वतंत्र झाल्यावर या सीमेला नवे महत्त्व आले. भारत सरकारने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालकडे वाटाघाटींची मागणी केली आणि पोर्तुगालने ती फेटाळली. ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर-हवेली मुक्त झाले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला पेडणे महालातील तेरेखोल किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींनी गोव्याच्या सीमा ओलांडल्या. पेडण्यातील पत्रादेवी येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. पंजाबचे करनैलसिंग बेनिपाल तेथे हुतात्मा झाले. त्यानंतर काही दिवसांतच भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे तुटले. १ सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातील भारतीय वाणिज्य वकिलातही बंद झाली. दोन्ही देशांना एकमेकांशी थेट बोलण्याचा मार्ग उरला नाही. राहिले ते एकच व्यासपीठ, न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघ.

सनदी सेवेतून राजनयाकडे

चंद्रशेखर झा हे ब्रिटिशकालीन इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे, म्हणजे आय.सी.एस.चे अधिकारी. स्वातंत्र्यानंतर भारताला स्वतःची परराष्ट्र सेवा उभारावी लागली, तेव्हा तिची पहिली फळी बऱ्याच अंशी या जुन्या सनदी सेवेतूनच आली. ज्यांनी जिल्ह्यांचा कारभार पाहिला, महसुलाची आणि कायदा-सुव्यवस्थेची कामे केली, तेच अधिकारी आता परदेशी राजधान्यांत नव्या प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी झाले. झा हे त्यांपैकी एक. तुर्कस्तान आणि जपान या देशांत त्यांनी भारताचे राजदूत म्हणून काम केले. १९५९ मध्ये ते संयुक्त राष्ट्रसंघात भारताचे कायम प्रतिनिधी झाले. त्यांच्या आधी ही जबाबदारी आर्थर लाल यांच्याकडे होती.

कायम प्रतिनिधी हे पद इतर राजदूतपदांपेक्षा वेगळे असते. एखाद्या देशातील राजदूताचे बहुतांश काम बंद दाराआड चालते. संयुक्त राष्ट्रसंघातील प्रतिनिधीला मात्र आपल्या सरकारची भूमिका खुल्या सभागृहात मांडावी लागते. त्याचा शब्द त्याच दिवशी जगभर छापून येतो, आणि त्या शब्दाला तो देश बांधला जातो. तो बोलतो ते स्वतःचे मत म्हणून नव्हे. धोरण राजधानीत ठरते. परंतु ते कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या आधारावर मांडायचे, यात प्रतिनिधीचे कौशल्य पणाला लागते. आमसभेच्या अधिवेशनांत भारताचे नेतृत्व बऱ्याच वेळा व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडे असे. डिसेंबर १९६१ मध्ये मेनन संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत लष्करी कारवाईत गुंतलेले होते. सुरक्षा परिषदेतील प्रसंग झा यांच्या वाट्याला आला.

पोर्तुगालची कायदेशीर ढाल

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. संघाच्या सनदेतील ७३ व्या कलमानुसार, स्वयंशासन न मिळालेल्या प्रदेशांवर राज्य करणाऱ्या देशाने त्या प्रदेशांची माहिती संघाला नियमितपणे देणे बंधनकारक आहे. पोर्तुगालला तशी विचारणा झाली, तेव्हा त्याने आपल्याकडे असा एकही प्रदेश नसल्याचे कळवले. या उत्तरामागे एक तयारी होती. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत बदल करून वसाहतींचे नामांतर ‘सागरपार प्रांत’ असे केले होते. गोवा, अंगोला, मोझांबिक हे सारे पोर्तुगालचेच भाग आहेत. आणि जो प्रदेश देशाचा भाग आहे, तेथे वसाहतवादाचा प्रश्न उद्भवतोच कोठे, असा त्या देशाचा पवित्रा होता.

या पवित्र्याला पाश्चात्त्य राष्ट्रांचे कमीअधिक पाठबळ होते. पोर्तुगाल हा ‘नाटो’ या लष्करी संघटनेचा संस्थापक सदस्य. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी काढलेल्या संयुक्त निवेदनात पोर्तुगालच्या आशियातील प्रदेशांचा उल्लेख प्रांत असाच झाला होता. भारतात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. दुसरीकडे, दादरा व नगर-हवेलीकडे जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्यापुरता पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क नाकारला. आणि भारताने कोणत्याही बंधनाचा भंग केलेला नाही, असा निर्वाळा दिला.

झा न्यूयॉर्कमध्ये असताना वारे झपाट्याने बदलत होते. १९६० या एकाच वर्षी आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र होऊन संयुक्त राष्ट्रसंघात आले. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याविषयीचा १५१४ क्रमांकाचा ऐतिहासिक जाहीरनामा संमत केला. ८९ राष्ट्रांनी त्याला पाठिंबा दिला, विरोधात एकही मत पडले नाही आणि पोर्तुगालसह ९ राष्ट्रे तटस्थ राहिली. दुसऱ्याच दिवशी १५४२ क्रमांकाचा ठराव संमत झाला. त्यात पोर्तुगालच्या ताब्यातील स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांची यादीच देण्यात आली. अंगोला, मोझांबिक, मकाव आणि तिमोर यांच्याबरोबर ‘गोवा व त्याचे अंकित प्रदेश’ हेही त्या यादीत होते. गोवा ही वसाहत आहे, हे आता केवळ भारताचे मत उरले नव्हते. जागतिक संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले होते. एका वर्षाने झा यांच्या भाषणाला जो भक्कम आधार मिळाला, तो या दोन ठरावांचा.

डिसेंबर १९६१

१७ नोव्हेंबर १९६१ रोजी अंजदीव बेटाजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर बेटावरून गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांतच मासेमारी करणाऱ्या एका होडीवर झालेल्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतवादाविषयी एक परिसंवाद झाला होता. आपल्याच भूमीवरील वसाहत भारत किती काळ सहन करणार, असा आफ्रिकी नेत्यांचा पंडित नेहरूंना प्रश्न होता. शांततावादी म्हणून जगात ओळखल्या जाणाऱ्या नेहरूंवर दोन्ही बाजूंनी दडपण होते. अमेरिकेचे राजदूत जॉन केनेथ गालब्रेथ त्यांना कारवाई लांबणीवर टाकण्याची गळ घालत होते. संयुक्त राष्ट्रसंघाचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट यांनीही नेहरू आणि पोर्तुगालचे सत्ताधीश सालाझार या दोघांना पत्रे पाठवून वाटाघाटींचे आवाहन केले.

वाटाघाटींना अर्थ उरला नाही, असा निष्कर्ष दिल्लीने काढला. १७ डिसेंबरच्या रात्रीनंतर ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले. भारतीय सैन्याच्या उत्तरेकडील तुकड्या दोडामार्गच्या बाजूने सीमा ओलांडून पणजीच्या दिशेने निघाल्या. इकडे पोर्तुगालने सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक बोलावण्याची मागणी केली. न्यूयॉर्कमध्ये १८ डिसेंबरच्या दुपारी परिषद भरली, तेव्हा भारतात १९ डिसेंबरची तारीख लागली होती आणि सैन्य पणजीच्या जवळ पोहोचत होते. म्हणजे परिषदेत शब्दांची लढाई चालू असताना प्रत्यक्ष भूमीवरील प्रश्न जवळजवळ सुटत आला होता. तरीही शब्दांची ती लढाई दुय्यम नव्हती. परिषदेने युद्धबंदीचा आणि माघारीचा आदेश दिला असता, तर भारताला दोनच पर्याय उरले असते : आदेश मानून गोवा सोडणे किंवा आदेश मोडणारे राष्ट्र ठरणे. पेडणे-डिचोलीच्या गावांचे भवितव्य त्या दिवशी न्यूयॉर्कमधील ११ मतांवरही अवलंबून होते.

परिषदेपुढील युक्तिवाद

डिसेंबर महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद संयुक्त अरब प्रजासत्ताकाचे ओमर लुत्फी यांच्याकडे होते. पोर्तुगालची तक्रार कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी की नाही, यावरच पहिले मतदान झाले. ७ मते बाजूने, सोव्हिएत संघ व सिलोन ही २ विरोधात, संयुक्त अरब प्रजासत्ताक व लायबेरिया हे २ तटस्थ. तक्रार दाखल झाली. भारत आणि पोर्तुगाल हे दोघेही त्या वेळी परिषदेचे सदस्य नव्हते. त्यांच्या प्रतिनिधींना मतदानाच्या अधिकाराविना चर्चेसाठी बोलावण्यात आले. पोर्तुगालचे वास्कू व्हिएरा गारीन यांनी भारतावर पूर्वनियोजित आक्रमणाचा आरोप केला आणि युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी केली.

झा यांनी दिलेल्या उत्तराचे चार मुख्य मुद्दे सांगता येतात.

पहिला मुद्दा सीमेचा. गोवा हा भारताचाच भाग असून तेथील जनता इतर भारतीयांइतकीच भारतीय आहे. आपल्याच सीमेवर, आपल्याच लोकांवर कोणी आक्रमण करू शकत नाही. म्हणून येथे आक्रमण हा शब्दच लागू होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा मुद्दा काळाचा. गोवा शतकांपूर्वी बळाने घेतला गेला. बळाने घेतलेल्या प्रदेशावरील ताबा कितीही जुना झाला, तरी त्याला कायदेशीर हक्काचे रूप येत नाही. ताब्याची दीर्घता हा पोर्तुगालचा मुख्य आधार होता आणि झा यांनी नेमका त्यावरच घाव घातला.

तिसरा मुद्दा आंतरराष्ट्रीय कायद्याचा. हा कायदा ज्या युरोपीय पंडितांनी लिहिला, ते वसाहतवादाच्या वातावरणातच वाढलेले होते. वसाहतवादाचे समर्थन करणारी त्यांची तत्त्वे आता कालबाह्य झाली आहेत, असे झा म्हणाले. आमसभेच्या १९६० च्या ठरावांनी नवा मापदंड घालून दिला असून, तो धुडकावणारा देश पोर्तुगाल आहे, भारत नव्हे, असे त्यांनी परिषदेच्या निदर्शनास आणले.

चौथा मुद्दा सर्वांत धारदार होता. वसाहतवादाचे शेवटचे अवशेष दूर करणे ही भारताच्या दृष्टीने श्रद्धेची बाब आहे आणि सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, भारत ती सोडणार नाही, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. बळाच्या वापराला सनद सर्वस्वी बंदी करत नाही, स्वसंरक्षणासाठी आणि आपल्या लोकांच्या रक्षणासाठी ती त्याला वाव देते, असेही त्यांनी सांगितले. तरीही परिषदेच्या सभागृहात उभे राहून परिषदेपेक्षा एक तत्त्व मोठे मानण्याचे हे विधान राजनयाच्या सावध भाषेत बसणारे नव्हते. त्या दिवसाच्या चर्चेतून पुढे सर्वाधिक उद्धृत झाले, ते हेच.

मतदान आणि नकाराधिकार

अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारताच्या कृतीवर कठोर टीका केली. बळाचा असा वापर खपवून घेतला, तर या संघटनेचाच अंत होईल, असा इशारा त्यांनी दिला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडलेल्या ठरावात तत्काळ युद्धबंदी, भारतीय सैन्याची माघार आणि शांततामय मार्गाने तोडगा यांची मागणी होती. याउलट सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी पोर्तुगालची तक्रार फेटाळावी आणि त्याने वसाहतींतील आपले राज्य संपवण्यात सहकार्य करावे, असा ठराव मांडला.

आफ्रो-आशियाई ठरावाला ४ मते मिळाली आणि विरोधात ७. तो फेटाळला गेला. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या ठरावाला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर आणि त्या वेळी चीनची जागा सांभाळणारे तैवानचे सरकार अशी ७ मते मिळाली. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक ही ४ मते विरोधात गेली. सोव्हिएत प्रतिनिधी व्हालेरियन झोरिन यांचे विरोधी मत हा नकाराधिकार होता. त्यामुळे बहुमत मिळूनही ठराव पडला. आमसभेत दोन-तृतीयांश बहुमत मिळण्याची आशा नसल्याने पाश्चात्त्य राष्ट्रांनी तो विषय पुढे नेला नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी गोव्यात शरणागती पत्करली. त्याच तारखेला आमसभेने १६९९ क्रमांकाच्या ठरावाद्वारे, वसाहतींविषयीची जबाबदारी टाळल्याबद्दल पोर्तुगालचा निषेध केला.

झा यांच्या युक्तिवादाने परिषदेतील बहुमत बदलले नाही, हे मान्य केले पाहिजे. भारताला वाचवले ते नकाराधिकाराने. पण सोव्हिएत संघ त्या दिवशी एकटा नव्हता. सिलोन हा आशियाई शेजारी, लायबेरिया हा आफ्रिकी देश आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हे अरब राष्ट्र भारताबरोबर राहिले. परिषदेत आशिया आणि आफ्रिकेतून निवडून आलेल्या या तिन्ही सदस्यांनी गोव्याचा प्रश्न वसाहतवादाचा मानला, आक्रमणाचा नव्हे. सोव्हिएत संघाचे मत शीतयुद्धाच्या हिशेबात धरता येते. या तिघांचे मत तसे उडवून लावता येत नाही.

युक्तिवादाचे बलाबल

झा यांच्या भूमिकेत एक कच्चा दुवा होता आणि टीकाकारांनी तो त्याच वेळी दाखवला. वसाहतवाद अन्यायकारक म्हणून बळाचा वापर योग्य, असे एकदा मान्य केले, तर प्रत्येक राष्ट्र आपल्या दाव्यासाठी तेच कारण पुढे करील. सनदेच्या दुसऱ्या कलमातील बळाच्या वापरावरील निर्बंध लहान आणि दुबळ्या राष्ट्रांच्या संरक्षणासाठीच आहे. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या भारताने तो ओलांडावा, याची खंत भारताच्या मित्रदेशांतही व्यक्त झाली.

सीमेचा मुद्दा पुढे भारताच्या न्यायालयातही वेगळ्या रूपात आला. १९६९ मध्ये मोन्सेनोर सेबास्तियांव मोंतेरो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचे भारतात येणे हे लष्करी विजय आणि त्यानंतरचे विलीनीकरण या स्वरूपाचे मानले. गोवा सदैव भारताचाच होता, म्हणून जिंकण्याचा प्रश्नच नाही, अशी परिषदेतील भूमिका होती. कायद्याच्या हिशेबात मात्र विलीनीकरणाची एक निश्चित तारीख धरावी लागली. मुत्सद्द्याची भाषा आणि न्यायालयाची भाषा यांतील हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिली न्याय्य काय ते सांगते, दुसरीला नागरिकत्व, मालमत्ता आणि हक्क यांचे व्यवहार निकाली काढायचे असतात.

तथापि, झा यांच्या युक्तिवादाचे बळ कोठे होते, हे नव्या काबिजादींकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. परिषदेत दोन्ही बाजूंनी साडेचारशे वर्षांची भाषा झाली. पोर्तुगालला ती सोयीची होती, कारण ताबा जितका जुना तितका दावा भक्कम. पेडणे, डिचोली आणि सत्तरी यांच्या बाबतीत हा दावा अठराव्या शतकाच्या अखेरीपलीकडे जाऊच शकत नव्हता. भारत नावाचे राज्य अस्तित्वात येण्यापूर्वीपासून गोवा पोर्तुगालचा होता, हे म्हणणे इब्रामपूरला लावताच डळमळीत होते. कारण त्या गावाच्या दोन्ही बाजूंची भूमी १७८८ पर्यंत एकाच राज्यात होती. हा तपशील परिषदेत ठळकपणे पुढे आला असता, तर सीमेविषयीचा भारताचा मुद्दा अधिकच बळकट झाला असता.

पुढील कारकीर्द

गोव्याचा प्रश्न मिटल्यावर झा यांचे वसाहतवादविरोधी काम थांबले नाही. १५१४ क्रमांकाच्या जाहीरनाम्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी आमसभेने २७ नोव्हेंबर १९६१ रोजी १७ सदस्यांची विशेष समिती नेमली होती. १९६२ मध्ये तिचे पहिले अध्यक्षपद झा यांच्याकडे आले. दक्षिण ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे, तसेच अंगोला आणि मोझांबिक यांसारख्या प्रदेशांचे प्रश्न या समितीपुढे होते. डिसेंबरमध्ये गोव्यासाठी मांडलेले तत्त्व पुढच्याच वर्षी आफ्रिकेसाठी राबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. भारताचा युक्तिवाद केवळ स्वतःच्या सोयीचा नव्हता, हे दाखवण्याची ती संधीही होती.

त्यानंतर ते कॅनडात भारताचे उच्चायुक्त झाले. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी वाय. डी. गुंडेविया यांच्याकडून परराष्ट्र सचिवपदाची सूत्रे घेतली. हा काळ भारतासाठी अत्यंत खडतर होता. कच्छच्या रणातील संघर्ष, काश्मीरमधील घुसखोरी आणि सप्टेंबरमधील भारत-पाकिस्तान युद्ध हे सर्व त्यांच्या कार्यकाळात घडले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांच्यात वाटाघाटी झाल्या, तेव्हा परराष्ट्र सचिव म्हणून झा भारतीय शिष्टमंडळात होते. १० जानेवारीला करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री उशिरा शास्त्रीजींचे तेथेच निधन झाले. १९६७ मध्ये झा यांच्यानंतर राजेश्वर दयाळ परराष्ट्र सचिव झाले. झा यांनी पुढे फ्रान्समध्ये राजदूत म्हणून काम केले. त्यांच्या आठवणींचे ‘फ्रॉम बांडुंग टू ताश्कंद’ हे इंग्रजी पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

वादाचा शेवट

गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने १९६१ नंतर तेरा वर्षे मान्य केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली आणि चित्र पालटले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत दोन्ही देशांमध्ये करार झाला. पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिस यांनी आणि भारताच्या वतीने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर-हवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले आणि तेही हे प्रदेश भारतीय राज्यघटनेखाली आले, त्या त्या तारखेपासून. गोव्यासाठी घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने ती तारीख २० डिसेंबर १९६१ अशी ठरवलेली होती. झा यांनी परिषदेत जे मागितले होते, ते प्रतिपक्षाने तेरा वर्षांनी लेखी दिले.

मुत्सद्द्याच्या कामाचे मोजमाप अवघड असते. रणांगणावरील विजयाची तारीख असते, सत्याग्रहीच्या बलिदानाचे स्मारक उभे राहते. परिषदेतील भाषण इतिवृत्तात बंद होऊन जाते. पत्रादेवी येथे हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि ते असलेच पाहिजे. ज्या सीमेवर ते कोसळले, ती सीमाच नाही, असे जगातील सर्वोच्च व्यासपीठावर सांगणाऱ्या अधिकाऱ्याची दखलही मुक्तीच्या इतिहासात घेतली जावी. इब्रामपूरहून दोडामार्गला जाणाऱ्या माणसाला आज वाटेत परवाना दाखवावा लागत नाही. चंद्रशेखर झा यांनी परिषदेपुढे मांडलेल्या पहिल्या मुद्द्याचा व्यवहारातील अर्थ तोच आहे.